उस्ताद मुखलिसचा उजवा डोळा

गानिम हकीम दारात येऊन उभा राहिला तेव्हा शुहदा मावशी अंगणात जर्दाळू वाळत घालत होती आणि तिचा भाचा बद्रान ते उचलून तोंडात टाकत होता.

"बस रे गानिम," मावशी मान वर न करता म्हणाली. "आणि आधी ह्याच्यापुढची टोपली उचल. हिवाळ्यात मी काय नुसत्या बिया चघळू?"

गानिम हसला नाही. तो पायरीवर बसला आणि उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला.

तीस वर्षांपूर्वी ह्याच गानिमला मावशीनं आईच्या पोटातून पायाकडून ओढून काढलं होतं. हमा शहरातली अर्धी माणसं तिच्या हातून जगात आली होती, त्यामुळे ती कुणालाच अहो-जाहो करत नसे. बाळंतपणाच्या तंट्यांत काझी तिचा शब्द अखेरचा मानी, आणि ज्यांना काझीपुढे जायची धास्ती वाटे ती माणसं आधी तिच्या अंगणात येऊन बसत. बद्रान स्वतः काझीच्या कचेरीत बावीस वर्षं साक्षीदार आणि लेखनिक होता. अक्षर सुरेख, देह ऐसपैस आणि डोकं, मावशीच्या मते, जरा सावकाश चालणारं.

"मावशी, मी उस्ताद मुखलिसचा डोळा घालवला," गानिम म्हणाला.

"घालवलास, की गेला?"

"तेच तर कळत नाही."

उस्ताद मुखलिस म्हणजे नदीवरच्या पाण्याच्या रहाटांचा सुतार, शहरातला सगळ्यात मोठा. दोन वर्षं त्याला दिसत नव्हतं. डावा डोळा कायमचा गेलेला आणि उजव्यात मोतीबिंदू. मागच्या शनिवारी गानिमनं सुईनं तो मोतीबिंदू बाहुलीच्या खाली दाबला होता.

"मग सात दिवस उताणं निजायचं," गानिम सांगू लागला. "वाकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. डोकं हललं की दाबलेला मोतीबिंदू पुन्हा वर येतो. दोन्ही डोळ्यांवर अंड्याचा बलक आणि गुलाबतेल लावलेला कापूस, वरून कपाळ झाकेल अशी रुंद पट्टी. सोमवारी मी पट्टी बदलली तेव्हा त्यानं माझी बोटं मोजली, मावशी. मी चार धरली, तो चार म्हणाला. आणि काल शुक्रवारी सोडली, तर मोतीबिंदू होता तिथं परत."

"मग पुन्हा दाब."

"कोण दाबू देतंय? थोरला मुलगा जाफिर माझा कागद घेऊन शेख वजीहकडे गेला."

कागदाची गोष्ट बद्रानला ठाऊक होती. हकीम रोज काय केलं ते लिहून घरच्यांच्या हाती देतो. काही बिघडलं तर घरचे तो कागद शहराच्या मुख्य हकिमाकडे नेतात. दोष हकिमाचा ठरला की त्याची सुई काढून घेतात, आणि पुन्हा कुणाच्या डोळ्याला त्यानं हात लावायचा नाही.

"शेख आज तिसऱ्या प्रहरी तिथं येणार," गानिम म्हणाला. "सुईची जुनी वाट आणखी एखादा दिवस मोकळी राहील. ती बुजली की उस्ताद जन्माचा आंधळा. आणि माझं म्हणशील, तर आज सकाळी एक बाई डोळा दाखवायला आली. मी सुई उचलली आणि हाताचा कंप थांबेना. हातच चुकला असेल का गं माझा?"

मावशीनं जर्दाळू बाजूला सारले. "कालची पट्टी कुठाय?"

गानिमनं ती बाहीतून काढली. टाकून द्यायचा धीर त्याला झाला नव्हता.

मावशीनं पट्टी उलटसुलट पाहिली आणि बद्रानच्या हातात दिली. "काय दिसतं?"

"तेलाचे पिवळे डाग. दोन्ही डोळ्यांपासून वर, केसांकडे गेलेत."

"आणखी?"

"बाहेरून, कपाळाच्या बरोबर मध्ये, धूळ. धुळीत बारीक चौकड्या."

"आणखी?"

बद्राननं पट्टी नाकाशी धरली. "गुलाबाचा वास छान येतोय."

"ऊठ," मावशी म्हणाली.

मुखलिसच्या घराकडे जाताना दुपारचं ऊन सरळ तोंडावर येत होतं. मोठ्या रहाटाची कुरकुर समोरून ऐकू येई. वाटेत बद्रानला मुखलिसच्या धाकट्या मुलाची, हिलालची, आठवण झाली. डावखुरा, हट्टी पोरगा. सात वर्षांपूर्वी बापाशी भांडून तो इराककडे निघून गेला, आणि त्याचं नाव ह्या घरात पुन्हा घ्यायचं नाही, असं बापानं सगळ्यांकडून वदवून घेतलं. मग तिकडे लढाया पेटल्या. पुढे खबर आली नाही, आणि विचारायची सोयच नव्हती.

दारात अबू शामा बसला होता. हा एरवी हमामखान्यात लोकांची पाठ चोळायचा. म्हाताऱ्याला हलू द्यायचं नाही, ह्या कामावर त्याला सात दिवस ठेवलं होतं.

"मी हललो नाही, तो हलला नाही," अबू शामानं विचारायच्या आत सांगून टाकलं.

"सात दिवसांत एकदाही उठला नाहीस तू?" मावशी म्हणाली. "मूत्राशय आहे का मशक?"

"तसं नव्हे. बुधवारी त्यानंच मला हाकललं. म्हणाला, तुझी टकळी बंद कर, मला मोठा रहाट ऐकू दे. ऐकला थोडा वेळ. मग म्हणाला, बाजारातून डाळिंबाचं सरबत आण. गेलो आणि आलो."

"त्याच्याजवळ कोण होतं तेव्हा?"

"कुणी नाही. सून रस्सा पाजून आधीच खाली गेली होती. आणि पाहुण्यांचं म्हणाल तर जाफिरनं ताकीदच दिली होती. मंगळवारी शैजरच्या रहाटाच्या कामाला निघताना इथं दारात उभा राहून म्हणाला, बाबांना घरातल्या कुणी बरी-वाईट कसलीही बातमी सांगितली तर माझी बायको मला तलाक. हकिमानंच म्हटलं होतं ना, मनाला धक्का नको म्हणून."

"ह्या गावातल्या पुरुषांना शपथेला दुसरं काही सापडतच नाही," मावशी म्हणाली. "स्वतःचं नाक का नाही लावत पणाला? बरं, आलं का कुणी?"

"बुधवारी एक वाटसरू आला होता. काळवंडलेला, बोलणं इराककडचं. जाफिरच्या बायकोनं, लुबाबानं, दारातूनच भाकरी-दही देऊन त्याला वाटेला लावलं."

जाफिर खालच्या कारखान्यात होता. चाळिशीतला, खांदे पडलेला माणूस. गानिमला पाहताच त्यानं तोंड फिरवलं.

बद्रानला वाटेतच एक कल्पना सुचली होती आणि ती त्याला पोटात ठेववेना. "जाफिर, तुझे बाबा नमाजासाठी उठून वाकले असतील. हकिमानं पडल्या पडल्या मानेच्या खुणेनं पढा म्हणून सांगितलं, तरी धार्मिक माणसाला ते पटत नाही."

"बाबा आणि धार्मिक?" जाफिर कडवट हसला. "ते ईदला मशिदीत जातात, ते पण छताच्या तुळया बघायला. सात दिवसांत त्यांनी नमाजाचं नाव काढलं असेल तर अबू शामाला विचारा."

मावशीनं मात्र त्याच्याकडे पाहून मान हलवली, आणि त्याला ते शाबासकीसारखं वाटलं, का ते त्याला कळलं नाही.

तिनं ओट्यावरच्या लाकडी खुंट्या हातात घेतल्या. रहाटाच्या फळ्या जोडायच्या अंगठ्याएवढ्या खुंट्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एक तिरकी खाच होती, उजवीकडे उतरती.

"तुती का रे ही?"

"तुती आणि अक्रोड. तिसरं लाकूड आमच्याकडे येतच नाही. खाच बाबांची. आम्हालाच शिकवली त्यांनी, बाहेर कुणाला नाही."

"आणि मोठा रहाट वरच्या खोलीच्या कुठल्या अंगाला येतो?"

"मक्केच्या अंगाला. भिंतीच्या अगदी पलीकडे." जाफिरनं रंधा खाली ठेवला. "लोकांना वाटतं, बाप आंधळा राहिला तर माझं बरंच आहे. दुकान मला केव्हाच मिळालंय, मावशी. दोन वर्षं मी त्यांना हाताला धरून नदीवर नेतो. लाकडाला हात लावून कीड कुठं ते सांगतात आणि मग गप्प उभे राहतात. मला त्यांचे डोळे हवे होते."

लुबाबा चुलीशी मसूर निवडत होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

"सासऱ्याला तू काही बातमी सांगितलीस?" मावशीनं विचारलं.

"एक अक्षर नाही," लुबाबा सरळ तिच्याकडे पाहत म्हणाली.

"आणि तो इराकचा माणूस?"

मसुरातला हात थांबला. "वाटसरू होता. भुकेला होता."

मावशीनं लुबाबाच्या डोक्यावरची घसरलेली ओढणी नीट केली. "कालपासून जेवली नाहीस तू. आधी दोन घास खा." आणि ती जिना चढली.

खोलीत उस्ताद मुखलिस जमिनीवरच्या गादीवर उताणा पडला होता. नवी पट्टी बांधलेली. उजव्या मुठीत काहीतरी होतं आणि अंगठा त्याच्यावरून सारखा फिरत होता.

"कोण, शुहदा? तू अजून आहेस?"

"तुला पोचवूनच जाईन म्हणते. कसा आहेस?"

"आंधळा आहे. त्या पोराला सोडा बाई तुम्ही सगळे. माझ्या नशिबात होतं, झालं."

"नशिबाचा कागद होत नाही ना रे, हकिमाचा होतो. मुठीत काय धरलंयस?"

"खुंटी. सुताराची जपमाळ."

बराच वेळ त्यानं मूठ सोडली नाही. मग सोडली. मावशीनं खुंटी नाकाशी नेली, बोट फिरवलं आणि बद्रानकडे दिली. वजनाला भारी, हाताला तेलकट, मधाच्या रंगाची. डोक्यावरची खाच डावीकडे उतरत होती. बद्राननं ती परत म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि पाहतो तो मावशी गुडघ्यांवर बसून चटई न्याहाळत होती. रहाटाकडच्या भिंतीशी, विणीच्या चौकड्यांवर, पिवळट तेलाचा एक ठिपका होता.

अंगणात आल्यावर मावशी म्हणाली, "तुझं शास्त्र काढ आता. नवऱ्यानं शपथ घातली, की घरात कुणी बातमी सांगितली तर बायकोला तलाक. बायकोनं तोंडातून शब्द काढला नाही, फक्त एक वस्तू हातात ठेवली. ज्याच्या हातात ठेवली त्यानं आपल्या अकलेनं ओळखलं. तलाक झाला का?"

ह्या एका विषयात बद्रानचं डोकं घोड्यासारखं धावत असे. तो पाव तास बोलला. मावशीनं जन्मात पहिल्यांदाच त्याला मध्ये तोडलं नाही.

"म्हणजे नाही झाला," ती शेवटी म्हणाली.

"नाही झाला. पण कुणाचा?"

तेवढ्यात शेख वजीह आला. पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा. सगळे वर गेले. शेखनं आधी डोळा पाहिला, मग कागद वाचला, मग पुन्हा डोळा पाहिला.

"सुई योग्य जागी गेली होती," तो म्हणाला. "पण मोतीबिंदू पुरता खाली न दाबता हकिमानं हात काढला असेल, तरीही असंच होतं. गानिम, तू छातीवर हात ठेवून सांगशील, की पुरता दाबला होतास?"

गानिमनं मान खाली घातली.

"तो नाही सांगू शकणार," मावशी म्हणाली. "भला माणूस आहे, आधी स्वतःवरच संशय घेतो. मी सांगते. शेख, ही कालची पट्टी. माणूस उताणा असला की तेल कानांकडे ओघळतं. उठून बसला तर गालांवर येतं. कुशीवर वळला तर एकाच कानाकडे जातं. इथं ते वर गेलंय, केसांकडे. चेहरा जमिनीकडे आणि कपाळ नाकापेक्षा खाली असल्याशिवाय ते तिकडे जाईल कसं? आणि कपाळावर ही धूळ. उताण्या माणसाच्या कपाळाला कुठली आली धूळ? तिच्यातल्या चौकड्या ह्या चटईच्या विणीच्या आहेत. तेलाचा ठिपका तिथं आहे, बघ."

शेखनं वाकून पाहिलं.

"सजदा, कपाळ जमिनीला टेकून," तो हळूच म्हणाला.

"बाबा नमाज पढतच नाहीत," जाफिर म्हणाला.

"नाही पढत. म्हणून तर बद्रान अर्धा बरोबर होता आणि अर्धा चूक. नमाज नव्हता तो. एकच सजदा, आभाराचा. एकदम मोठं सुख पदरात पडलं, की जन्मात मशीद न पाहिलेला माणूसही आपोआप कपाळ टेकतो. तो मक्केकडे तोंड करून करायचा, आणि डोळे बांधलेल्या माणसाला मक्का कुठं ते कळणार कसं? त्यानं अबू शामाला गप्प केलं आणि मक्केच्या अंगाचा रहाट ऐकला. मग त्याला सरबताला पिटाळलं. बुधवारची गोष्ट."

म्हाताऱ्याचा अंगठा खुंटीवर थांबला होता.

"सुख कसलं?" जाफिरनं विचारलं.

"त्याच्या मुठीत आहे. तुझ्या खुंट्या तुतीच्या, ही सागाची. साग जहाजानं बसऱ्याला उतरतो, हमा शहरात तो फक्त अमीराच्या दरवाज्याला आहे. खाच तुझ्या बाबांची, पण उतार डावीकडे. ती खाच येणारी माणसं जगात तीन. त्यातला डावखुरा एकच, धाकटा. मी पाहिलाय. जन्मल्याबरोबर डावी मूठ तोंडात घातली होती त्यानं."

जाफिर खाली बसून ती खुंटी निरखू लागला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि त्यानं दाराकडे पाहिलं. तिथं लुबाबा भिंतीला धरून उभी होती. त्याला स्वतःची शपथ आठवली होती.

"आता कळलं, म्हातारा नशिबाच्या गोष्टी का सांगत होता?" मावशी म्हणाली. "खरं बोलला तर तुझं घर मोडेल, असं त्याला वाटलं. आणि तुझी बायको कालपासून त्याच भीतीनं जळतेय. बद्रान, बोल."

बद्रान पुढे आला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला. "जाफिर, तू बातमी सांगण्यावर शपथ घातलीस. तिनं काही सांगितलं नाही. हातात लाकूड ठेवलं, बाकी उस्तादनं ओळखलं. तलाक झालेला नाही. बावीस वर्षं मी अशा शपथांचे कागद लिहितोय. शंका असेल तर उद्या काझीपुढे चल, मी तुझ्या शेजारी उभा राहतो."

"तो जिवंत आहे?" जाफिरनं बायकोला विचारलं.

लुबाबाला हुंदका आवरेना. "त्या वाटसरूनंच खुंटी आणि खबर आणली. बसऱ्याच्या धक्क्यावर कामाला आहे. मुलगी झालीये त्याला. तुम्ही गुरुवारी आलात, म्हटलं पट्टी सुटली की तुम्हाला सांगेन. आणि पट्टी सुटली ती अशी. मला वाटलं होतं, बाबांच्या हातात नुसती ठेवावी. सात वर्षं झोपेत त्याला हाका मारतात ते. मला ऐकू येतात."

"नाव घ्या रे त्याचं," गादीवरून म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "हिलाल. घ्या. मी मूर्ख होतो. शेख, ह्या पोराचा हात चुकला नाही. मला वाकू नको म्हणून त्यानं दहादा बजावलं होतं. मला ते आठवतही होतं. पण ती खाच बोटाला लागली आणि माझं मन ऐकेना. सूनबाईला वाचवायला मी सगळ्यांशी खोटं वागलो. लिहून घे बद्रान."

शेखनं गानिमचा कागद घडी करून त्याच्या हातात दिला. "वाट अजून मोकळी आहे. सुई आणलीयेस?"

गानिमनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग तो हात धुऊन आला आणि गादीशी बसला. बद्रान त्या बोटांवरून नजर काढू शकत नव्हता. बोटं स्थिर होती.

जाफिर मात्र जागचा हलला नाही. "त्याच्यासाठी तुम्ही डोळा दिलात, बाबा," तो म्हणाला. रागानं नव्हे, दमलेल्या माणसासारखा. "मी इथंच होतो."

म्हाताऱ्यानं नुसता हात पुढे केला. थोड्या वेळानं जाफिर उठला आणि तो हात धरून शेजारी बसला. अबू शामानं म्हाताऱ्याचं डोकं धरलं. पट्टी सुटली. सुई जुन्या वाटेनं आत गेली, आणि ह्या खेपेला गानिमनं मनात अंक मोजत ती बराच वेळ तिथंच दाबून धरली. लुबाबानं डोळे मिटून घेतले होते.

सुई बाहेर आली. गानिमनं तीन बोटं वर केली. "उस्ताद, किती?"

उस्तादनं बोटांकडे पाहिलंच नाही. त्याची नजर बोटांच्या पलीकडे गेली होती, आपला हात धरून बसलेल्या माणसावर.

"जाफिर," तो म्हणाला. "तुझी दाढी पांढरी झाली रे. कधी झाली?"

"झाली हळूहळू, बाबा."

"मला कळलंच नाही." उजव्या डोळ्यातून पाणी आलं आणि नेमकं कानाकडे ओघळलं. गानिम कापूस घेऊन पुढे झाला, तसं म्हाताऱ्यानं त्याला हातानं थोपवलं. "थांब, बांधायची घाई करू नकोस. जाफिर, जरा जवळ ये. मला वाकायची बंदी आहे. तूच वाक."

जाफिर वाकला.